घडीचा स्लूस बॉक्स गच्चीवर मांडलाय: उतार, पाणी आणि कूलरचा पंप

सावनेरकर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे खटपटी लोक भरपूर आहेत म्हणून विचारतो.

डिसेंबरात मावसभावाकडे न्यूझीलंडला जायचं आहे. तो दक्षिण बेटावर, ओटागो भागात असतो. तिथे काही नद्यांचे ठरावीक पट्टे सरकारने हौशी लोकांसाठी मोकळे ठेवले आहेत. हाताची अवजारं घेऊन जा, रेती धुवा, सोनं निघालं तर ते तुमचं. वेगळा परवाना नाही, फक्त मोटर चालवायची नाही. ॲरोटाउनची ॲरो नदी त्यातलीच. १८६१-६२ मध्ये ओटागोत जी सोन्यासाठी झुंबड उडाली, त्यातलं हे गाव.

मी एक घडीचा ॲल्युमिनियमचा स्लूस बॉक्स मागवला आहे, म्हणजे वाहत्या पाण्यात रेती धुऊन सोनं अडकवणारी उतरती पन्हळ. उघडल्यावर ३ फूट लांब, १० इंच रुंद. तळाशी रेघांची रबरी मॅट, तिच्यावर गुंतवळीची मॅट, मग जाळी आणि वर आडव्या पट्ट्या, ज्यांना रिफल म्हणतात. तोंडाशी पाणी आत घ्यायला पसरट पंखा आहे.

तिकडे जाऊन भावाचा वेळ खाण्यापेक्षा इथेच हात बसवावा म्हणून नागपुरात, मानकापूरला, गच्चीवर मांडला. खाली टप, टपात कूलरचा पंप, पाइप बॉक्सच्या तोंडाशी, आणि बांधकामातून उरलेली कन्हान नदीची रेती. पाणी पट्ट्यांमधून कसंबसं सरकतं आणि बघता बघता सगळ्या पट्ट्या रेतीने बुजतात. उतार वाढवला तरी तेच.

उतार किती ठेवायचा? पाणी किती लागतं? रेती कितीची चाळायची? आणि सोनं नसताना बॉक्स बरोबर चालतोय हे कळायचं कसं?

बर्डीचा_बंड्या

राजेहो, कूलरच्या पंपावर सोनं काढून राह्यले! वहिनीनं विचारलं नाई का पंप कुठी गेला म्हून?

कन्हानच्या रेतीत सोनं असन तं सांगजो बाप्पा. माह्या घराले सात ट्रक लागली होती. भिंत फोडतो.

सावनेरकर

बंड्याभाऊ, पंप जुन्या कूलरचा आहे. नव्याला हात लावला असता तर हा धागा टाकायला मी उरलो नसतो.

मोटरमिस्त्री

गडबड उताराची नाही, पाण्याची आहे. हिशेब करून बघा.

१० इंच म्हणजे २५ सेंमी रुंदी. पट्ट्यांच्या वरून निदान ३ सेंमी पाणी वाहायला हवं आणि वेग सेकंदाला साधारण ८० सेंमी धरा. २५ गुणिले ३ गुणिले ८० म्हणजे ६००० घन सेंमी, सेकंदाला ६ लिटर. तासाला २१,६०० लिटर झाले. कूलरचा पंप खोक्यावर लिहिलेलं खरं मानलं तरी तासाला हजार-दोन हजार लिटर देतो, तेही पाणी वर चढवायचं नसेल तेव्हा. तुमच्या बॉक्सला लागतं त्याच्या दहाव्या हिश्श्यावर तुम्ही तो चालवताय. रेती बुजणार नाही तर काय होणार?

घरातली अर्ध्या एचपीची मोटर लावू असा विचार मनात आला असेल तर तोही सोडा. ती पाणी टाकीत चढवायला बनलेली असते, लोंढा सोडायला नाही.

गच्चीवर कूलरच्या पंपानेच शिकायचं असेल तर रुंदी कमी करा. ६ सेंमी रुंद पन्हळ, १ सेंमी पाणी, वेग ६० सेंमी: सेकंदाला ३६० घन सेंमी, तासाला १३०० लिटर. एवढं पंप देतो. पीव्हीसीची चौकोनी पन्हळ घ्या, तळाला रेघांची रबरी मॅट चिकटवा. पट्ट्या लावू नका. १ सेंमी पाण्यात उंच पट्ट्यांचं काम नाही.

खाणीतला_म्हातारा

मोटरमिस्त्री यांचा हिशेब चोख. नोकरीची सगळी वर्षं खनिजांतच गेली, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो. कंटाळा आला तर पुढची पोस्ट वाचा.

स्लूसमध्ये सोनं अडकतं ते पट्टी त्याला धरते म्हणून नाही. पाणी पट्टीवरून उडी मारतं आणि पट्टीच्या मागे त्याचा आडवा भोवरा तयार होतो. तिथे वेग पडतो, पण पाणी थांबत नाही, फिरत राहतं. हलकी रेती त्या फिरण्याने उचलली जाऊन पुढे जाते, जड कण खाली जाळीत आणि मॅटमध्ये उतरतात. म्हणजे पट्टीमागची रेती सतत हलती, जिवंत राहिली पाहिजे. ती घट्ट बसली की भोवरा मेला. मग वरून सोनं आलं तरी घसरगुंडीवरून निघून जातं. सावनेरकरांच्या गच्चीवर हेच झालं.

आता वजनाचं. गारगोटीची रेती पाण्याच्या २.६५ पट जड, सोनं १९.३ पट. पण हे हवेतलं. पाण्यात प्रत्येक वस्तूचं तिच्या आकारमानाच्या पाण्याइतकं वजन कमी होतं. तेव्हा तुलना १.६५ आणि १८.३ यांची करायची. पाण्याखाली सोन्याचा कण तेवढ्याच आकाराच्या रेतीच्या कणापेक्षा ११ पट जड ठरतो. मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारी काळी रेती, फक्त अडीच पट. म्हणून काळी रेती सोन्याच्या सोबत बसते पण त्याच्या आधी निसटते. पट्टीमागे काळ्या रेतीची चंद्रकोर दिसली आणि पट्टीमागची निम्मी जागा मोकळी राहिली, तर बॉक्स बरोबर लागला आहे असं समजा.

उतार: १ फूट लांबीला १ इंच, इथून सुरुवात करा. तुमच्या ३ फुटी बॉक्सचं तोंड शेपटापेक्षा ३ इंच वर. पाणी जोराचं असेल तर कमी, मंद असेल तर थोडा जास्त. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आडवी पातळी. पट्टीच्या एका टोकाकडे बॉक्स अर्धा इंच जरी कलला, तर सगळं पाणी त्या बाजूने पळतं आणि दुसरी बाजू बुजते. मिस्त्री लोकांची छोटी पाणसळ घेऊन जा. मोबाइलवर भरवसा ठेवू नका, ओल्या हाताने तो नदीतच जायचा.

चाळणी: अर्ध्या इंचाच्या वरचं काही आत जाऊ देऊ नका. पाव इंचाची असेल तर अजून चांगलं. मोठा गोटा पट्ट्यांमध्ये अडकला की त्याच्या कडेने पाणी मुसंडी मारतं आणि तिथलं जमलेलं सगळं धुऊन नेतं.

भरणं: फावड्याने नाही. छोट्या खुरप्याने किंवा मगाने, तोंडाशी, थोडं थोडं. आधीचा घास पुढे सरकला की मगच दुसरा.

कोराडी_ताई

काका, सुरेख समजावलंत. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. हे ६ सेंमीच्या पन्हळीचं प्रकरण वर्गात करून दाखवता येईल. पण सोन्याऐवजी काय टाकू? शिसं चालेल का?

खाणीतला_म्हातारा

ताई, शिसं चालतं, जगभर लोक तेच वापरतात. मासेमारीच्या गळाचं शिसं ठोकून चपटं करायचं, कात्रीने बारीक तुकडे करायचे. शिसं ११.३ पट, म्हणजे पाण्याखाली रेतीच्या सहा पटींवर. शिसं अडकलं तर त्याच आकाराचं सोनं अडकणारच. पण शाळेत शिसं नको. मुलं हात तोंडाला लावतात.

वेल्डिंग_हिंगणा

ताई, टंगस्टन घ्या. टिग वेल्डिंगचा रॉड टंगस्टनचा असतो. टंगस्टनची घनता १९.२५, सोन्याची १९.३, जवळपास एकच. आमच्याकडे आखूड झालेले तुकडे पडूनच असतात. पक्कडीने मोडले की खडे होतात. डोळ्याला चष्मा लावून मोडा, टचकन उडतात.

एक गोष्ट बघून घ्या. टोकाला लाल रंग असलेला रॉड घेऊ नका. त्यात २ टक्के थोरियम ऑक्साइड असतं, ते किरणोत्सारी. हिरव्या टोकाचा शुद्ध टंगस्टन असतो, तोच घ्या. सावनेरकर, तुम्हालाही हवे तर एमआयडीसीत येऊन न्या. पैसे नकोत, चहा पाजा.

खाणीतला_म्हातारा

वाहवा, हे मला सुचलंच नव्हतं. टंगस्टन आपल्या जिल्ह्याचंच आहे म्हणायला हरकत नाही, कुही-खोबना भागात त्याचं खनिज नोंदलेलं आहे.

बर्डीचा_बंड्या

मंग सोनं बी आपल्या जिल्ह्यात असन ना काका? चंद्रपूरले निंघालं म्हंते. हा बॉक्स घेऊन आमीच जातो, न्यूझीलंड काहून पायजे?

खाणीतला_म्हातारा

बंड्या, ऐक. हसण्यावारी नेऊ नकोस.

चंद्रपूर जिल्ह्यात मिंझरी आणि बामणी या भागांची नावं २०२२ साली गाजली हे खरं. आपल्या पूर्वेला साकोली पट्ट्याच्या जुन्या खडकांतही सोन्याचे अंश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने नोंदले आहेत. पण ते खडकातलं सोनं. टनाला काही ग्रॅम, तेही डोळ्याला न दिसणारं. खडक फोडून, दळून, रसायनांतून काढावं लागतं. स्लूस हे नदीने आधीच दळून, धुऊन ठेवलेल्या सोन्यासाठीचं अवजार आहे. २०२० मध्ये उत्तर प्रदेशात सोनभद्रला ३००० टन सोनं सापडल्याची बातमी आली होती, आठवतं? सर्वेक्षणाने नंतर सांगितलं की अंदाज सुमारे १६० किलोचा आहे. बातमीतलं सोनं आणि जमिनीतलं सोनं यांत नेहमीच एवढं अंतर असतं.

आणि कायदा. १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याच्या कलम ४ प्रमाणे परवान्याशिवाय नुसता शोधसुद्धा घेता येत नाही, काढणं दूरच. सूट आहे ती भूवैज्ञानिक सर्वेक्षण, खाण ब्यूरो, राज्याचं खनिकर्म संचालनालय अशा संस्थांना. कलम २१ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी ५ लाखांपर्यंत दंड. २०२३ च्या दुरुस्तीने शोधाचा नवा परवाना आणला, त्यात सोनंही आहे, पण तो लिलावाने कंपन्यांना मिळणारा. तुझ्यामाझ्यासारख्या हौशी माणसाला न्यूझीलंडसारखी मोकळी नदी आपल्याकडे नाही. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच आहे, शंका असेल तर जाऊन विचार.

कामठीवाला

कायदा राहू द्या, नदीकाठी फावडं आणि टोपलं घेऊन दिसलात तर गावकरी रेतीचोर समजून आधी धरतील, मग विचारतील. रेती घाटांवरून आमच्याकडे काय चालतं ते रोज पेपरात वाचता ना.

बाकी कन्हानच्या रेतीत चमकतं ते अभ्रक. लहानपणी आम्हीही खिशात भरून आणायचो.

कोराडी_ताई

मुलं हमखास विचारतात, चमकतंय ते सोनं नाही कशावरून? काय सांगू त्यांना?

खाणीतला_म्हातारा

सावलीत न्या. सोन्याचा कण उन्हात, सावलीत, कुठूनही बघा, तोच मंद पिवळा. अभ्रक कोन बदलला की विझतं. मग सुईने दाबा. सोनं दबतं, त्यावर खड्डा पडतो. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. पायराइट, ज्याला मूर्खांचं सोनं म्हणतात, त्याचा चुरा होतो. पाण्यात फिरवलं तर अभ्रक वर तरंगत पळतं, सोनं ताटलीच्या कोपऱ्यात जागा सोडत नाही.

इतवारीकर

या विषयावर आमच्याकडची एक गोष्ट. सराफा ओळीत आमचं जुनं दुकान. दुकानाचा केर आम्ही कधी फेकत नाही. कारागीर घासतो, कापतो, त्याचा कीस जमिनीवर, पायपुसण्यावर, कपड्यांवर. झारेकरी येऊन केर विकत घेऊन जातात. पूर्वी पहाटे दुकानांसमोरच्या नाल्या उपसणाऱ्या बायकाही मी पाहिल्या आहेत. हातात लाकडी उथळ ताटली. सुपात धान्य पाखडावं तशी ती पाण्यात हलवायच्या आणि शेवटी चिमूटभर काळी रेती उरायची, तिच्या कडेला एक पिवळी रेघ.

विदर्भातले सोनझारी लोक पिढ्यान्पिढ्या हेच काम करत आले. ब्रिटिशांच्या काळातल्या मध्य प्रांताच्या नोंदींत बालाघाट, चांदा या जिल्ह्यांतल्या नद्यांत सोनं धुणारे म्हणून त्यांचा उल्लेख आहे. दिवसभर कमरेइतक्या पाण्यात उभं राहून मजुरीइतकं निघालं तर निघालं. स्लूस नव्याने शिकणाऱ्याने आधी त्यांच्या हातातली ताटली शिकावी असं माझं मत. कारण बॉक्सातून जे निघतं ते शेवटी ताटलीतच धुवायचं असतं.

नाव_नको

इतवारीकर, झारेकरी पारा वापरतात ना? स्लूसमधला जड माल पाऱ्यात फिरवला तर सगळं सोनं एका झटक्यात निघेल.

खाणीतला_म्हातारा

नाही, नाही, नाही. पारा सोनं पकडतो, पण ते मोकळं करायला पारा उडवावा लागतो आणि ती वाफ तुमच्या फुप्फुसात जाते. साध्या खोलीच्या तापमानालाही पारा उडत असतो. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे, भारतानेही त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. लहान सोनखाणींतला पारा हे त्या करारामागचं एक मोठं कारण. हौशी माणसाला त्याची गरजच नाही. चुंबकाने मॅग्नेटाइट काढा, उरलेलं ताटलीत हळूहळू धुवा. पिठासारखं बारीक सोनं पाण्यावर तरंगायला लागलं तर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, बुडतं.

मेलबर्नची_मामी

सगळं वाचून मजा आली. आम्ही व्हिक्टोरियात बॅलरॅटच्या बाजूला नेहमी जातो. इथे मायनर्स राइट नावाचा परवाना काढावा लागतो, १० वर्षं चालतो. पॅन (सोनं धुवायची ताटली), साधा स्लूस, हाताची अवजारं चालतात.

नदीत बॉक्स लावताना आम्ही काय करतो ते सांगते. गुडघ्याच्या खाली पाणी असलेली, दोन मोठ्या दगडांमधून जोरात वाहणारी जागा शोधायची. बॉक्स ठेवायच्या आधी तळाचे गोटे काढून जागा सपाट करायची. मग वरच्या बाजूला दगडांची इंग्रजी व्ही आकाराची पाळ रचायची, म्हणजे पाणी गोळा होऊन पंख्यात शिरतं. बॉक्सच्या तोंडाखाली एकेक चपटा दगड सरकवत उतार ठरवायचा. वर एक जड दगड ठेवायचा, नाहीतर बॉक्स पाण्याबरोबर निघून जातो.

सगळ्यांत जास्त लोक विसरतात ते शेपूट. बाहेर पडलेली रेती शेपटाखाली साचत जाते, ढीग वाढला की पाणी तुंबतं आणि खालच्या पट्ट्या बुजतात. दर थोड्या वेळाने पायाने तो ढीग सारायचा. आणि काम झाल्यावर त्या ढिगातलं एक टोपलं पॅनमध्ये धुऊन बघायचं. त्यात सोनं दिसलं तर बॉक्स गळतोय.

सावनेरकर भाऊ, अजून एक, आणि हे फार महत्त्वाचं. न्यूझीलंडच्या विमानतळावर माती लागलेलं काहीही चालत नाही. तुम्ही कन्हानच्या रेतीत वापरलेला बॉक्स नेणार असाल तर मॅट काढून, ब्रशने घासून, खडखडीत वाळवून न्या आणि फॉर्मवर वापरलेलं सामान आहे असं लिहा. लपवलं तर जागेवर दंड. तिथे एका नदीतून दुसऱ्या नदीत जातानाही सामान तपासा, धुवा, वाळवा असा नियम आहे, डिडिमो नावाचं शेवाळ पसरू नये म्हणून.

सावनेरकर

मामी, हे कोणीच सांगितलं नसतं. धन्यवाद.

वेल्डिंगवाल्या भाऊंकडून हिरव्या टोकाचे तुकडे आणले, चहाही झाला. मोटरमिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे ६ सेंमीची पन्हळ केली. रबरी मॅटचा तुकडा लोहा ओळीत मिळाला. कूलरच्या पंपावर छान चालते. रेती २ मिमीच्या जाळीतून चाळली. टंगस्टनचे कण मॅटच्या पहिल्या वीतभर भागातच बसतात, बाकी रेती टपात.

पण १० इंची बॉक्सचं काय? त्याला सेकंदाला ६ लिटर कुठून आणू?

काटोलचा_संत्रा

माह्या वावरात या नं भाऊ. विहिरीवर ५ एचपीची मोटर आहे. हौदात पाणी पडते तिथं बॉक्स मांडा. ठिबकले पाणी त्या हौदातूनच जाते, वाया जाणार नाई. सकाळी लवकर या, लाइन दुपारी जाते.

मोटरमिस्त्री

चालेल. विहिरीवरची ५ एचपीची मोटर सेकंदाला ६ लिटर आरामात देईल. पण पाइपची धार थेट बॉक्सात सोडू नका, पट्ट्या धुऊन निघतील. आधी अर्ध्या ड्रममध्ये सोडा, ड्रमच्या काठावरून पाणी पसरून बॉक्सात येऊ द्या. तरी उसळत असेल तर तोंडाशी ओलं पोतं अंथरा.

हौदात चाळलेली रेती पडणार, हे मालकाला आधी सांगा. ठिबकचे फिल्टर बुजले तर तुमचं नाव निघेल.

काटोलचा_संत्रा

खाली ताडपत्री टाकू. चिंता नाई.

सावनेरकर

काटोलहून आलो. काय काय दिसलं ते लिहितो, पुढे कोणी वाचेल त्याला उपयोग होईल.

ड्रमच्या काठावरून पाणी काचेसारखं पसरलं. पोतं लागलं. उतार १ फुटाला १ इंच ठेवला तर पट्ट्यांमागे काहीच टिकेना, जाळी उघडी पडली. पाणी जास्त होतं. तोंडाखालची फळी काढून उतार पाऊण इंचावर आणला आणि चित्र पालटलं. प्रत्येक पट्टीमागे रेती उकळल्यासारखी हलत होती, आणि खाली काळी चंद्रकोर. म्हातारे काका, तुम्ही लिहिलं होतं अगदी तेच. हरभऱ्याएवढा गोटा टाकला तर तो पट्ट्यांवरून टुणटुणत थेट बाहेर.

टंगस्टनचे पन्नास तुकडे रेतीत मिसळून सावकाश भरले. दोन-तीन सोडून सगळे परत मिळाले, बहुतेक पहिल्या तीन पट्ट्यांत. जे गेले ते कसे गेले तेही दिसलं. रेतीत वावरातल्या काळ्या मातीची ढेकळं पडली होती. एक ढेकूळ गोल होऊन पट्ट्यांवरून गडगडत गेलं. बाहेर उचलून फोडलं तर आत टंगस्टनचा तुकडा चिकटलेला. चिकट माती बॉक्सात जायच्या आधी बादलीत हाताने पूर्ण विरघळवायची हे त्या ढेकळाने शिकवलं.

काढतानाही एक गोष्ट. पाणी बंद झालं की रेती पट्ट्यांमागे बसते. बॉक्स तसाच आडवा, सरळ उचलून टपात ठेवायचा. तिरका केला की शेपटाकडून माल वाहतो. मग कड्या सोडून पट्ट्या, जाळी, गुंतवळीची मॅट, एकेक टपातच धुवायची. गुंतवळीची मॅट तीनदा झटकली तरी तिच्यातून काळं निघतच होतं.

बर्डीचा_बंड्या

आन संत्री आणली का नाई?

सावनेरकर

आणली, पोतंभर. तुझ्या वाट्याची बर्डीला पोहोचवतो.

कोराडी_ताई

मीही पन्हळ करून पाहिली, वर्गातल्या बाकावरच. मुलांनी स्वतःहून एक प्रश्न काढला. रेती चाळून टाकली आणि न चाळता टाकली तर फरक किती? मोजून बघणार आहोत. मुलं कूलरच्या पंपाचा वेग कमी-जास्त करायला मागतात, त्याला काही सोय?

मोटरमिस्त्री

पंपाला रेग्युलेटर लावू नका ताई, गरम होतो. पाइपवर साधा बॉल व्हॉल्व्ह बसवा. आणि पंपाची वायर ओल्या बाकावरून जाऊ देऊ नका. वर्गात ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो असलेल्या खोलीतच करा, मुलांनी पाण्यात हात घातलेला असताना पंप बंद ठेवा.

इतवारीकर

ताई, शाळा कोराडीतच असेल तर एखाद्या शनिवारी दुकानाचा थोडा केर आणून देतो. मुलांना ताटलीत धुऊन पाहू द्या. जे निघेल ते मात्र मोजून परत घेईन हां, धंदा आहे.

सावनेरकर

शेवटचा प्रश्न, मामींना. बॉक्स विमानात कसा नेला तुम्ही? माझा घडी करून १ फुटाचा होतो, पण कडा धारदार आहेत.

मेलबर्नची_मामी

चेक-इनच्या बॅगेतच टाका, केबिनमध्ये नेऊ नका, पट्ट्या बघून अडवतील. कडांना सायकलची जुनी ट्यूब कापून लावा. मॅट वेगळ्या पिशवीत, वरच्या कप्प्यात, म्हणजे तपासणीला मागितल्या तर लगेच काढता येतात. खुरपं आणि चाळणी नेऊ नका, तिथे भावाकडे असेल. आणि डिसेंबरात उन्हाळा असला तरी ॲरो नदीचं पाणी डोंगरातलं, बर्फासारखं असतं. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घ्या.